निळा पडदा आणि फॉरमॅटचा उतारा

घरचा संगणक चालता चालता अचानक थांबतो, पडदा निळा होतो, त्यावर इंग्रजीत काही ओळी उमटतात आणि त्या वाचून होण्याआधीच यंत्र आपोआप पुन्हा सुरू होते. ज्यांच्या घरी संगणक आहे त्यांपैकी बहुतेकांनी हा अनुभव कधी ना कधी घेतलेला असेल. असे चार-पाच वेळा घडले की आपण ती पेटी, जिला बोलीत सगळे ‘सीपीयू’च म्हणतात, उचलून दुकानात नेतो. तिथला मुलगा ती चालू करून पाहतो आणि सांगतो, “सर, फॉरमॅट मारावं लागेल. संध्याकाळी घेऊन जा.”

या लेखात आम्हाला टीका करायची आहे ती या फॉरमॅटवर. दुकानातल्या मुलावर आमचा राग नाही. त्याला दिवसभरात कितीतरी यंत्रे हातावेगळी करायची असतात आणि गिऱ्हाइकाला संगणक संध्याकाळी परत हवा असतो. आमची तक्रार आहे ती कारण न शोधता उपाय करण्याच्या, आणि चार दिवस बरे गेले की तोच उपाय लागू पडला असे मानण्याच्या सवयीबद्दल. दृष्ट काढणाऱ्याचेही तर्कशास्त्र हेच असते. ही सवय विज्ञान शिकवणाऱ्यांच्या आणि विज्ञानात संशोधन करणाऱ्यांच्या घरीही आहे, म्हणून हा लेख.

९७६ नोंदींची गोष्ट

छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागात राहणारे आमचे एक स्नेही माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांच्या शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक आहे. १ जून ते ३० सप्टेंबर या १२२ दिवसांत विद्यार्थी रोज सकाळी पावसाची नोंद घेत आणि सर ती घरच्या संगणकात भरून ठेवत. अशा आठ पावसाळ्यांच्या, म्हणजे ९७६ नोंदी जमल्या होत्या. पावसाची वाट पाहण्यात ज्या मराठवाड्याची वर्षे जातात तिथे एका शाळेने केलेले हे काम लहान म्हणता येणार नाही.

एका मे महिन्यात त्यांचा संगणक निळा पडदा दाखवून बंद पडू लागला. दुकानात नेल्यावर फॉरमॅट झाला. नोंदींची फाइल ‘डेस्कटॉप’वर होती आणि डेस्कटॉप म्हणजे विंडोज ज्या सी ड्राइव्हवर असते तिथलीच एक जागा, हे सरांच्या लक्षात आले नव्हते. दुकानदाराने विचारले नाही, सरांनी सांगितले नाही. मूळ वह्या तोवर रद्दीत गेल्या होत्या. ९७६ नोंदी गेल्या.

यंत्र मात्र सुरू झाले, आणि बारा दिवस नीट चालले. तेराव्या दिवशी पुन्हा निळा पडदा. पुन्हा फॉरमॅट, पुन्हा काही दिवस स्वस्थता, पुन्हा निळा पडदा. तिसऱ्यांदा सर ती पेटी घेऊन आमच्याकडे आले. त्या पेटीत आम्हाला काय सापडले ते पुढे सांगू. आधी निळा पडदा म्हणजे काय ते पाहू.

यंत्र स्वतःला का थांबवते?

इंग्रजीत या घटनेला ‘फेटल’ म्हणजे प्राणघातक चूक म्हणतात, आणि त्या शब्दानेच निम्मी भीती निर्माण होते. वस्तुतः संगणक मरत नाही. तो स्वतःहून, विचारपूर्वक थांबतो. घरात दोष निर्माण झाला की फ्यूज उडतो. फ्यूज हा बिघाड नसून बिघाडापासूनचे संरक्षण आहे, हे आपण आठवी-नववीत शिकवतो. निळ्या पडद्याचे काम असेच आहे.

विंडोजसारख्या कार्यप्रणालीचा एक गाभा असतो. त्याला ‘कर्नल’ म्हणतात. आपण वापरतो ते लिहिण्याचे, चित्रे काढण्याचे कार्यक्रम या गाभ्याच्या बाहेर चालतात. त्यांतला एखादा चुकला तर गाभा त्याला बंद करतो आणि बाकीचे काम चालू राहते. परंतु चूक गाभ्यातच झाली, उदाहरणार्थ स्मृतीतल्या नको त्या जागी वाचण्याचा वा लिहिण्याचा प्रयत्न झाला, तर पुढे कशावरच विश्वास ठेवता येत नाही. तसेच चालू राहिले तर डिस्कवरच्या फाइलींत चुकीचा मजकूर लिहिला जाण्याचा धोका असतो. म्हणून गाभा सारे काम थांबवतो, त्या क्षणी स्मृतीत काय होते त्याची नोंद डिस्कवर उतरवतो आणि पडद्यावर चुकीचे नाव लिहितो. म्हणजे थांबता थांबता यंत्र आपल्या हाती पंचनामा देऊन जाते.

गाभ्यात चूक करतो कोण? छपाईयंत्र, स्कॅनर, ध्वनी, चित्र अशा प्रत्येक उपकरणाला संगणकाशी जोडणारा एक कार्यक्रम असतो, त्याला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. बरेचसे ड्रायव्हर गाभ्यात बसूनच काम करतात आणि ते अनेकदा विंडोजच्या नव्हे, तर उपकरणाच्या निर्मात्यांनी लिहिलेले असतात. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, विंडोज एक्सपीच्या त्या काळी नोंदल्या गेलेल्या अशा घटनांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरमुळे घडल्याचे नमूद केले आहे. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या उपस्थितीत विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक चालू असताना निळा पडदा आला, तोही स्कॅनर जोडल्यावरच.

दुसरा मोठा गट खुद्द यंत्राच्या भागांचा. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सुमारे दहा लाख घरगुती व तत्सम संगणकांच्या नोंदी अभ्यासून २०११ साली निष्कर्ष मांडले. प्रोसेसरशी संबंधित दोषाने एखादे यंत्र बंद पडण्याची शक्यता, भरपूर वापरातल्या यंत्रांत, आठ महिन्यांत १९० मध्ये १ इतकी आढळली. पण एकदा बंद पडलेले यंत्र त्याच कारणाने पुन्हा बंद पडण्याची शक्यता जवळजवळ ३ मध्ये १ होती. सारांश, यंत्राच्या भागातला दोष आपोआप बरा होत नाही. आणि डिस्कवरची माहिती पुसून नवी विंडोज टाकल्याने त्या भागाला काहीच फरक पडत नाही.

पडद्यावरच्या भाषेबद्दल

आता टीकेचा दुसरा भाग. पंचनामा हाती मिळतो तर आपण तो वाचत का नाही? याचा दोष सर्वस्वी आपला नाही. तो लिहिणाऱ्यांनीही तो नीट लिहिलेला नाही.

१९९३ च्या विंडोज एनटीमध्ये अशा वेळी पडदा भरून षोडशमान संख्या येत. अभियंत्याला त्या उपयोगी होत्या, इतरांना ती रांगोळी. विंडोज ९५ मध्ये मजकूर थोडा होता, पण ‘फेटल एक्सेप्शन’ आणि त्यापुढे एक पत्ता एवढ्यावरून कोणाला काय कळणार? एक्सपीच्या पडद्यावर चुकीचे नाव, तिच्यासोबत चार संख्या, आणि नवे उपकरण जोडले असल्यास काढून पाहा असा साधा सल्लाही असे. आमच्या मते या साऱ्यांत तो पडदा सर्वांत प्रामाणिक होता. दुर्दैव असे की यंत्र आपोआप पुन्हा सुरू करण्याची सोय मुळातच चालू ठेवलेली असल्याने तो क्षणभर दिसून नाहीसा होई. पत्र लिहायचे आणि वाचणाऱ्याच्या हातून ओढून घ्यायचे, असा हा प्रकार.

२०१२ साली विंडोज ८ मध्ये संख्या गेल्या आणि त्यांच्या जागी एक उदास चेहरा आला. २०१६ साली त्याच्या जोडीला मोबाइलने टिपायची चौकट आली. घाबरलेल्या माणसाला धीर देण्याचा हेतू चांगला होता. परंतु डॉक्टरांनी तपासणीचा अहवाल देण्याऐवजी नुसते वाईट तोंड करून दाखवावे, तसे झाले. २०२५ साली मायक्रोसॉफ्टने हा पडदा काळा करण्यास सुरुवात केली. चेहरा व चौकट काढून चुकीचे नाव आणि सापडल्यास दोषी ड्रायव्हरचे नाव एवढेच ठेवले. हा बदल आम्हाला योग्य दिशेचा वाटतो. पडदा निळा असो वा काळा, महत्त्व त्यावरच्या नावाला आहे.

काही नावे अनुभवाने ओळखता येतात. ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ असे आले तर संशय आधी ड्रायव्हरवर, मग स्मृतीवर. ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ आले तर डिस्क, तिची केबल किंवा तिचा ड्रायव्हर तपासावा. ‘डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर’ आले तर खुद्द यंत्राच्या भागांकडे पाहावे. मात्र नाव म्हणजे निदान नाही. ताप हे जसे अनेक रोगांचे लक्षण असते, तसेच हे.

तपास

सरांच्या पेटीकडे वळू. आम्ही पहिल्यांदा काय केले ते सांगायला संकोच वाटतो. दिवस उन्हाळ्याचे, पारा चाळिशीच्या वर, आणि यंत्र बंद पडत होते दुपारी. आम्ही तत्काळ ठरवले की हा उष्णतेचा परिणाम. पंख्यावरची धूळ काढली, पेटी खिडकीजवळून हलवली आणि समाधानाने चहा घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्र पुन्हा बंद पडले. मग प्रोसेसरचे तापमान मोजले, ते मर्यादेत होते. मोजण्याचे काम आधी आणि निष्कर्ष नंतर, हा क्रम आम्हीच उलटा केला होता. दुकानातल्या मुलाला नावे ठेवण्याचा अधिकार आम्ही तिथेच गमावला.

त्यानंतर आम्ही वही केली. यंत्र आपोआप सुरू होण्याची सोय बंद केली. प्रत्येक वेळी चुकीचे नाव, वेळ आणि त्या क्षणी काय काय उघडे होते ते लिहिले. सात नोंदींत चार वेगवेगळी नावे आली. हा पहिला उपयुक्त धागा. दोष एका ड्रायव्हरमध्ये असता तर तेच नाव पुन्हा पुन्हा येण्याची शक्यता अधिक होती. दर वेळी नवे नाव येते तेव्हा सर्वांच्या सामाईक जागेवर, म्हणजे स्मृतीवर संशय घ्यावा. दुसरा धागा, सातही वेळा चार-पाच कार्यक्रम एकदम उघडे होते. सर दुपारी शाळेतून आल्यावरच जास्त काम करीत. दुपारचा संबंध उन्हाशी नव्हता, शाळेच्या वेळापत्रकाशी होता.

पेटीत रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. त्यांना ‘क’ आणि ‘ख’ म्हणू. बसवण्याच्या खाचा दोन. प्रयोगाची मांडणी मुलांनाही सुचेल अशी आहे. एका वेळी एकच पट्टी, एकाच खाचेत, बाकी सारे तसेच. ‘क’ पहिल्या खाचेत चालली, दुसऱ्या खाचेतही चालली. ‘ख’ पहिल्या खाचेत अडली, दुसऱ्या खाचेतही अडली. म्हणजे खाचा निर्दोष आणि ‘ख’ सदोष. तिच्या टोकाचे संपर्क खोडरबराने पुसून पाहिले, फरक पडला नाही. स्मृती तपासणाऱ्या कार्यक्रमानेही ‘ख’मध्ये चुका दाखवल्या. ‘ख’ काढून टाकली आणि यंत्र एका पट्टीवर, थोडे सावकाश, पण न थांबता चालू लागले.

मग फॉरमॅट केल्यावर बारा दिवस यंत्र चालले कसे? टीकेचा खरा मुद्दा इथे आहे. नव्याने टाकलेल्या विंडोजबरोबर फारसे कार्यक्रम नसतात, त्यामुळे स्मृती कमी लागते आणि ‘ख’मधल्या बिघडलेल्या जागेपर्यंत काम बहुधा पोचतच नव्हते. हळूहळू सरांनी आपले कार्यक्रम पुन्हा टाकले, कामाचा भार वाढला आणि बिघडलेली जागा वापरात आली. फॉरमॅटने रोग बरा झाला नाही, रोग दिसण्याची परिस्थिती काही दिवस नाहीशी झाली. आणि त्या दिवसांच्या मोबदल्यात आधीचे सगळे पंचनामे व ९७६ नोंदी पुसल्या गेल्या.

एका फाइलीचा धडा

जगभरचे संगणक एकाच कारणाने एकाच सकाळी निळे झाले तो दिवस अनेकांना आठवत असेल. १९ जुलै २०२४, शुक्रवार. ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा-कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक नवी फाइल धाडली. कंपनीचा कार्यक्रम संगणकाच्या गाभ्यात चालणारा. नव्या फाइलीमुळे त्याने एकविसावा रकाना वाचायला घेतला, प्रत्यक्षात त्याला पुरवलेले रकाने वीसच होते. जी जागा आपली नाही तिथे वाचण्याचा हा प्रयत्न. गाभा थांबला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक बंद पडले. कंपनीने ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली, पण तोवर अडकलेली यंत्रे पुन्हा पुन्हा सुरू होऊन पुन्हा पुन्हा पडत राहिली. आपल्या देशातील विमानतळांवरही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

यावर उपाय कोणता सांगितला गेला? यंत्र ‘सेफ मोड’मध्ये, म्हणजे किमान ड्रायव्हर घेऊन सुरू करा, ठरावीक फोल्डरात जा, ती एक फाइल पुसा आणि यंत्र पुन्हा सुरू करा. ८५ लाख यंत्रांच्या संकटावर काढलेला हा तोडगा एका फाइलीएवढा होता, कारण कोणीतरी पंचनामा वाचला होता.

घरी काय करावे

पहिली गोष्ट, लिहून ठेवा. पडद्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि वेळ व चालू काम वहीत नोंदवा. पडदा थांबत नसेल तर ‘सिस्टिम प्रॉपर्टीज’मधील ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ येथे आपोआप सुरू होण्याची खूण काढा. सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरात ‘मिनिडम्प’ नावाचे फोल्डर असते. पंचनामे बहुधा तिथे सापडतात, आणि ‘ब्लूस्क्रीनव्ह्यू’सारख्या मोफत कार्यक्रमाने वाचता येतात.

दुसरी, दुरुस्तीच्या आधी आपल्या फाइलींची प्रत काढा. डिस्कवरच संशय असेल तर ती तपासणारे वा दुरुस्त करणारे कार्यक्रमही प्रत काढल्यावरच चालवा, कारण आजारी डिस्कवर तो मोठा भार असतो. नव्या यंत्रांत डिस्क कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक स्वरूपात असू शकते. तिची पुनर्प्राप्ती-किल्ली यंत्र नीट चालू असतानाच कागदावर लिहून ठेवा.

तिसरी, आधी काय बदलले ते आठवा. नवे उपकरण, नवा ड्रायव्हर, नवा सुरक्षा-कार्यक्रम यांपैकी शेवटचा बदल उलटवा. यंत्र नेहमीसारखे सुरू होत नसेल तर सेफ मोडमध्ये पाहा. तिथे ते नीट चालले तर दोष ड्रायव्हरकडे असण्याची शक्यता वाढते.

चौथी, एका वेळी एकच गोष्ट बदला. पेटी उघडायची तर आधी वीजपुरवठ्याचा प्लग काढा. एसएमपीएसची डबी मात्र कधीही उघडू नका, प्लग काढल्यावरही तिच्यातल्या धारित्रांत विद्युतभार राहू शकतो.

पाचवी, खरा निळा पडदा कोणालाही फोन करायला सांगत नाही. पडदाभर इशारा आणि खाली ‘मदतीसाठी’ दूरध्वनी क्रमांक असेल तर तो भामट्यांचा आहे असे समजा.

फॉरमॅट या यादीत नाही असे नाही. तो शेवटी येतो. विंडोजच्या स्वतःच्या फाइली खराब झाल्या असतील, किंवा विषाणू निघत नसेल, तर तो योग्यच उपाय आहे. पण कोणत्या कारणाने करतो आहोत ते एका वाक्यात सांगता आले पाहिजे.

शाळेत

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. इतक्या नळ्यांच्या यंत्रात दोष कुठे आहे ते शोधणे हा संगणक वापरण्याचाच भाग असणार. आज यंत्र मुठीएवढे झाले आणि दोष शोधणे मात्र अभ्यासाबाहेर गेले. आम्ही पाहिलेल्या संगणक-परिचयाच्या बहुतेक शालेय पुस्तकांत भागांची नावे आहेत, पिढ्यांचे तक्ते आहेत, व्याख्या आहेत. यंत्र अडले तर काय विचार करावा यावर एक पानही नाही. जे पुस्तक यंत्र कधी अडतच नाही असे गृहीत धरते, त्याला आम्ही अपुरे म्हणू.

शिक्षक मित्रहो, शाळेच्या प्रयोगशाळेत एखादा बंद संगणक नक्की असेल. तो भंगारात देण्याआधी नववीच्या चार मुलांच्या स्वाधीन करा, सोबत एक वही आणि एक अट. वहीत कारण लिहिल्याशिवाय काहीही बदलायचे नाही. यंत्र सुरू झाले नाही तरी चालेल.

आमच्या स्नेह्यांच्या ९७६ नोंदी परत मिळाल्या नाहीत. त्यांनी पुढच्या जूनपासून नव्याने सुरुवात केली आहे. आता नोंदी वहीत राहतात, संगणकात राहतात आणि एका पेनड्राइव्हवर शाळेच्या कपाटातही राहतात. ‘ख’ पट्टी त्यांनी टाकून दिलेली नाही. नियंत्रित प्रयोग म्हणजे काय हे शिकवताना ते ती वर्गात नेतात.